वयाला बोल लावण्याआधी गाडी पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील ‘नॅसकार’ या स्टॉक कार शर्यतींचे निवृत्त चालक पन्नाशीच्या घरात पोहोचल्यावर पुन्हा स्टिअरिंग हाती घेतात, यावर आपल्या क्रीडा पानावर नुकतेच एक टिपण आले. ‘कुठे थांबावे हे यांना कळत नाही’ असा त्याचा एकंदर सूर होता. शिवाजी उद्यमनगरात इंजिनांच्या कामात ज्याचे आयुष्य गेले आणि ज्याला या शर्यतींचा जुना नाद आहे, अशा माझ्यासारख्या वाचकाला तो पटला नाही. उतारवयातले पुनरागमन फसले की त्याचे खापर आपण वयावर फोडतो आणि मोकळे होतो. त्या चालकाला गाडी कोणत्या संघाची मिळाली आणि शर्यतीतली जागा त्याने कशाच्या जोरावर मिळवली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शोरूममधली गाडी उचलून तीच शर्यतीत पळवायची, ही १९४९ च्या सुमाराची गोष्ट झाली. आजच्या स्टॉक कारला बाहेरून ओळखीच्या कंपनीचा मुखवटा असतो आणि आत केवळ शर्यतीसाठी बांधलेला पोलादी सांगाडा व ३५८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.९ लिटरचे, व्ही-८ इंजिन असते. अशा गाडीचा वेग चालकाच्या पायावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो वर्कशॉपमध्ये रात्री जागवणाऱ्या माणसांवर ठरतो, हे उद्यमनगरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्क मार्टिन या चालकाचेच पाहा. २००६ चा हंगाम संपवून त्यांनी पूर्णवेळ शर्यती सोडल्या आणि पुढची दोन वर्षे ते निवडक शर्यतींत उतरले. २००७ च्या डेटोना ५०० या ५०० मैलांच्या, मालिकेतल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत केविन हार्विक याने त्यांना अवघ्या ०.०२ सेकंदाने मागे टाकले. त्याच हंगामात पहिल्या चार शर्यतींनंतर गुणतक्त्यात ते सर्वांत वर होते, तरीही पुढची ब्रिस्टलची शर्यत त्यांनी आधी ठरवल्याप्रमाणे सोडून दिली; अर्धवेळ म्हणजे अर्धवेळ, या शब्दाला ते जागले. पुढे २००९ मध्ये हेन्ड्रिक या तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य संघाची गाडी हाती येताच वयाच्या ५० व्या वर्षी त्यांनी पाच शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेर जिमी जॉन्सनच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळवला. त्या वर्षी त्यांचे वय कोणी काढले नाही. हॅरी गँट तर १९९१ च्या सप्टेंबरात, ५१ व्या वर्षी, सलग चार शर्यती जिंकले आणि पुढच्या वर्षी मिशिगनला जिंकून सर्वांत वयस्क विजेत्याचा विक्रम त्यांनी आपल्या नावावर केला.

याच्या उलट रिचर्ड पेटी यांचे झाले. सात अजिंक्यपदे आणि २०० विजय नावावर असलेल्या या माणसाने आपला दोनशेवा विजय ४ जुलै १९८४ रोजी डेटोनाला मिळवला, तो पाहायला अध्यक्ष रोनाल्ड रेगन स्वतः हजर होते. त्यानंतर पेटी आठ वर्षे धावत राहिले आणि एकही शर्यत जिंकले नाहीत. १९८९ मध्ये तर काही शर्यतींत त्यांना पात्रतासुद्धा मिळाली नाही. त्यांचे ते पुनरागमन नव्हे, कारण ते गेलेच नव्हते. पण पडत्या काळात मैदान न सोडण्याचे उदाहरण म्हणून त्यांचेच नाव पहिल्यांदा घेतले जाते. १९८६ पासून ते पुन्हा घरच्या संघाची गाडी चालवीत होते आणि तो संघ आता पूर्वीचा उरला नव्हता, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. नोव्हेंबर १९९२ मध्ये अटलांटाला त्यांची शेवटची शर्यत झाली. मध्येच अपघातात गाडीने पेट घेतला. संघाने ती ठाकठोक करून शेवटच्या फेऱ्यांपुरती पुन्हा ट्रॅकवर आणली आणि पेटींनी ती निशाण पडेपर्यंत नेली. पुढे स्वतः दिग्गज ठरलेल्या जेफ गॉर्डन या पोराची ती पहिलीच शर्यत होती. त्या दिवशी ट्रॅकवर पेटींचे असणे कोणाला खटकले असेल, असे मला वाटत नाही.

खटकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. माजी अजिंक्यवीर पात्रतेत कमी पडला तरी त्याला शर्यतीत घेण्याची राखीव सोय पुढे नियमात आली आणि बरीच वर्षे टिकली. सन्मान म्हणून सुरू झालेल्या या सोयीचा काही संघमालकांनी धंदा केला. नव्या संघाकडे आदल्या वर्षीचे गुण नसत, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या काही शर्यतींत त्याची जागा पक्की नसे. अशा वेळी एखाद्या जुन्या विजेत्याला गाडीत बसवले की प्रवेश हमखास मिळे. २००६ मध्ये एका नव्या संघाने पहिल्या पाच शर्यतींसाठी टेरी लाबोंटी यांना बसवले, ते याच हिशेबाने. लाबोंटी १९८४ आणि १९९६ चे विजेते. पुढच्या वर्षी १९९९ चे विजेते डेल जॅरेट यांचा राखीव हक्कही दुसऱ्या एका नव्या संघाच्या असाच कामी आला. हे दोघे मागच्या रांगेत धावताना दिसले की प्रेक्षक म्हणत, म्हातारे झाले. वास्तविक त्यांना बोलावले होते ते त्यांच्या वेगासाठी नव्हे, तर त्यांच्या नावावर मिळणाऱ्या जागेसाठी. आणि ज्याने बोलावले तो मालक पडद्याआड सुखरूप राहिला.

आता व्यवस्था बदलली आहे. २०१६ पासून ३६ गाड्यांना कायम प्रवेशाची सनद आहे आणि बाकीच्यांनी उरलेल्या चार जागांसाठी झगडायचे असते. तरीही नावाचा मोह सुटलेला नाही. २०२५ च्या डेटोना ५०० साठी जगप्रसिद्ध चालकाला राखीव प्रवेश देण्याचा नवा नियम आला आणि ४९ वर्षांचे एलिओ कास्त्रोनेव्हेस, उघड्या चाकांच्या गाड्यांची इंडी ५०० शर्यत चार वेळा जिंकलेले, त्या दाराने आत आले. गाड्या ४० च्या ४१ झाल्या, म्हणजे कोणाची जागा गेली नाही, हे मान्य. पण ज्या मालिकेत आपण कधी धावलो नाही, तिच्यातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत केवळ नावावर प्रवेश मिळणे मला रुचत नाही.

जिमी जॉन्सन यांचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. सात वेळा अजिंक्य ठरलेला हा चालक २०२० नंतर स्टॉक कारपासून दूर गेला, दोन हंगाम इंडीकार या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेत धावला आणि २०२३ मध्ये एका संघाचा भागीदार होऊन मोजक्या शर्यतींसाठी परतला. त्या वर्षी डेटोनाला बिगरसनद गाड्यांमध्ये वेळ नोंदवून त्यांनी आपली जागा स्वतः मिळवली. पुढचे निकाल मात्र वाईट आले, आणि आपल्या टिपणकारांनी बोट ठेवले ते त्यांवरच. मधल्या काळात गाडी बदलली होती, हे त्यांच्या लक्षात आले नाही. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाडीत दर चाकाला पाचऐवजी एकच मोठा नट आहे, मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, गिअर पूर्वीसारखे आडवे-उभे न टाकता एका सरळ रेषेत पुढे-मागे ढकलून बदलायचे आहेत. त्यात सरावाची वेळ छाटून टाकली आहे आणि खासगी चाचण्यांवर कडक मर्यादा आहेत. दर आठवड्याला धावणारा तरुण ही गाडी शर्यतीतच शिकतो. वर्षातून चार-दोनदा येणाऱ्याने शिकायची कुठे? २०२५ च्या डेटोना ५०० मध्ये हेच जॉन्सन तिसरे आले. अखेरच्या फेरीतल्या मोठ्या अपघाताने वाट मोकळी झाली हे खरे, पण डेटोनाला पुढच्या गाडीच्या मागे हवेचा आडोसा धरून कधी बाहेर पडायचे, ही जाण पायाच्या चपळाईपेक्षा अनुभवाने येते. जुने लोक नेमके तिथेच चमकतात.

शरीर थकते, हे मी नाकारत नाही. ५०० मैल म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, तीन-साडेतीन तास, गाडीच्या आत पन्नास अंशांपर्यंत जाणारी उष्णता. शिवाय ही जोखीम एकट्याची नसते. बॉबी ॲलिसन यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी डेटोना ५०० जिंकली, दुसरा आला त्यांचा मुलगा डेव्ही, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पोकोनोच्या अपघातात ते मरता मरता वाचले. पुन्हा कधी धावले नाहीत. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरला ७२ वर्षांचे मॉर्गन शेफर्ड कित्येक फेऱ्या मागे असताना आघाडीच्या झुंजीतल्या जोई लोगानोला धडकले आणि चोविशीतल्या त्या पोराची शर्यत तिथेच संपली. इथे मी शेफर्ड यांची बाजू घेणार नाही. पण त्यांची गाडी मुळातच इतकी संथ होती की तीत विशीतला चालक असता तरी तो आघाडीवाल्यांच्या वाटेत आलाच असता. अशा गाडीला रोखायचे, तर किमान वेगाचा निकष वर न्यावा लागेल. वयाची अट घालून ते साधणार नाही.

कोल्हापूरकराला हा प्रकार नवा नाही. खासबाग मैदानात एखाद्या जुन्या मल्लाचे नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत येते, तिकिटे खपतात, आणि आखाड्यात पोरसवदा पैलवानाशी लावलेली जोड बरोबरीत सोडवली की लोक म्हाताऱ्याला नावे ठेवीत घरी जातात. जोड लावणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर न्यू मोतीबाग तालमीत वस्ताद झाले, पोरे घडवली. थांबण्याचा तो उत्तम मार्ग आहे, पण तो सर्वांना मिळत नाही आणि मानवतही नाही. हर्शेल मॅकग्रिफ २०१८ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी टुसॉनला दुय्यम मालिकेच्या शर्यतीत उतरले. त्यांच्या हौसेने कोणाचे काय बिघडले?

म्हणून आपल्याला विनंती अशी की, यापुढे ‘दिग्गजाचे पुनरागमन’ किंवा ‘दिग्गजाची फजिती’ असा मथळा देताना बातमीत आणखी दोन ओळी असाव्यात: पात्रता फेरीत त्या चालकाने किती वेळ नोंदवली, आणि त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीची वेळ किती होती. दोन्ही गाड्या सारख्याच मागे असतील तर प्रश्न संघाला विचारावा. आपला बुजुर्ग संघातल्या तरुणाहून फेरीमागे अर्धा सेकंद मागे असेल, तर मात्र आपल्या टिपणकारांनी जरूर लिहावे की आता पुरे. मीही त्यांच्या बाजूने पत्र पाठवीन.

कळावे,

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर