‘विकत घ्या’ म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,

डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेच्या जगभरातल्या विक्रीला लागलेल्या ओहोटीवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. विक्री घटली, याबद्दल वाद नाही. पण ‘जुनं गेलं, सोयीचं आलं’ हा सूर काही पटला नाही.

मी जुन्याचा भक्त वगैरे नाही. व्हीएचएसच्या कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा मीच त्या फेकून दिल्या. १९९६च्या अखेरीला जपानमध्ये डीव्हीडी आली आणि पुढे जगभर रिवाइंडची कटकट मिटली, यात आनंदच होता. मग २००६मध्ये ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या जास्त सुस्पष्ट चित्राच्या दोन नव्या तबकड्यांची जुंपली. फेब्रुवारी २००८मध्ये एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने माघार घेतली, पण नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग त्याआधीच, २००७मध्ये, सुरू झालं होतं. म्हणजे इकडे नवरदेव ठरेपर्यंत वऱ्हाड दुसऱ्या मांडवात जाऊन बसलेलं!

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सेवेवर ‘विकत घ्या’ हे बटण दाबून मी एक चित्रपट घेतला. मागच्या वर्षी शोधला तर यादीतून गायब. उत्तर आलं, ‘हक्कांची मुदत संपली.’ हक्क त्यांचे, मुदत त्यांची, पैसे तेवढे माझे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून असा कायदा लागू आहे की, ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना असेल तर विक्रेत्याने ते आधी स्पष्ट सांगायचं. म्हणजे फसगत झालेला मी एकटा नाही.

तोच चित्रपट नंतर मला जुन्या डीव्हीडीवर मिळाला. सुती फडक्याने मधल्या भोकापासून सरळ कडेकडे पुसली. (गोल गोल पुसू नये. त्या दिशेचा चरा सलग माहिती खातो आणि प्लेअरला ती भरून काढता येत नाही.) कोर्टाच्या प्रसंगाला अजूनही दोन सेकंद अडखळते. अडखळू दे, कपाटात तर आहे. शेजाऱ्यांना दिली, त्यांनी पाहून परत केली. त्यासाठी कुणाचा पासवर्ड लागला नाही.

आणि जुनं परततंही: २०२२मध्ये अमेरिकेत विनाइलच्या (ग्रामोफोनच्या) तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७नंतर पहिल्यांदाच. हा आकडा लेखात यायला हवा होता.

एक विनंती. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा दरमहा भरायची वर्गणी ‘विक्री’च्या रकान्यात मिसळू नका. तिच्यासाठी ‘भाडं’ असा वेगळा रकाना करा, आणि माझ्या त्या गायब चित्रपटाचे पैसेही त्यातच धरा.

आपला,
एक नियमित वाचक