बाबा, ती टाक्यांची गोष्ट

कॅलगरी,
२२ मार्च

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. बंडू आत्ता खाली धाकटीशी रिमोटवरून भांडतोय. ते भांडण ऐकून मला का बरं वाटतंय ते पुढे कळेल. फोनवर हे बोलता येत नाही. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि आजोबांचा फोन म्हटला की हा जिन्यात येऊन बसतो. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या टायपात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, बाबा भिंग शोधत बसू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत "बंडूला सर्दी आहे, झोपलाय" असं मी तुम्हाला तीन रविवार सांगितलं. ते खोटं होतं.

१७ जानेवारीला, शनिवारी, त्याची आइस हॉकीची मॅच होती. बाहेर उणे चोवीस, आत रिंकमध्ये मी दोन स्वेटर घालून कॉफीचा कप धरून बसलेली. बाबा, तुमच्या हॉकीत खांदा लावला तर शिट्टी वाजते. इथे तेराव्या वर्षापासून खांदा लावणं हाच खेळाचा भाग. बॉडीचेकिंग म्हणतात. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबराची चकती, ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडकून बाजूला करायचं, आणि तेही बर्फावर, स्केट्सवर, जिथे पाय रोवायला जागाच नसते. मैदानाला चारी बाजूंनी भिंत. बंडू भिंतीजवळचा पक काढायला वाकला आणि समोरच्या टीमचा एक उंचाडा मुलगा बाजूने येऊन धडकला. नियमात बसणारी धडक होती, पंचांनी काही दिलं नाही. भिंतीवर माणूस आदळल्याचा तो आवाज माझ्या ओळखीचा झालाय, दुकानाचं शटर लाथेने पाडल्यासारखा.

तो लगेच उठला. स्टिक उचलली, बाकावर गेला, आणि पुढे आणखी दोन शिफ्ट खेळला. शिफ्ट म्हणजे पाऊण मिनिटाची पाळी, या खेळात सारखी माणसं बदलतात. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे जावई म्हणाले, "आजोबांवर गेलाय." टाळ्या मीही वाजवल्या.

रविवारी त्याने दुधाची बाटली फ्रिजऐवजी भांड्यांच्या कपाटात ठेवली. मी हसले. मी चटणीसाठी मिक्सर लावला तर दोन्ही हातांनी कान धरून बाथरूममध्ये जाऊन बसला. सोमवारी एक मोजा सापडेना म्हणून रडला. तेरा वर्षांचा घोडा, आई, मोज्यासाठी हुंदके देऊन रडला. मंगळवारी शाळेतून फोन आला की वर्गात तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय आणि दिव्याचा त्रास होतो म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून बसलाय.

डॉक्टरांनी त्याला उभं केलं, एका पायावर तोल सांभाळायला लावला, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. त्याला दोन आठवले. कन्कशन. मेंदूला बसलेला हादरा. मी विचारलं, हा तर बेशुद्ध पडला नव्हता? त्या म्हणाल्या, बहुतेक जण पडतच नाहीत. स्कॅनमध्येही तो सहसा दिसत नाही. माणूस काय सांगतो आणि कसा वागतो, यावरूनच ओळखायचा.

मग त्यांनी त्याला विचारलं, शनिवारीच का नाही सांगितलंस? तो खाली मान घालून इंग्रजीत म्हणाला, "माझ्या आजोबांना सात टाके पडले होते, तरी ते सेकंड हाफ खेळले."

बाबा, हे वाचून तुम्हाला कसं वाटेल ते मला माहीत आहे. म्हणूनच दोन महिने लिहिलं नाही. दोष देत नाहीये. ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. खडकीचं मैदान, फॅक्टरीची टीम, भुवईवर बसलेली स्टिक, डोक्याला बांधलेला रुमाल आणि शेवटच्या मिनिटातला गोल. पाहुणे आले की आई चहा टाकायला उठायची आणि तुम्ही भुवई वर करून व्रण दाखवायचात. माझ्या लेकाने ती गोष्ट तुमच्याहून जास्त मनावर घेतली, एवढंच झालं.

आई, तू परवा विचारलंस, एवढं जाड हेल्मेट असतं ना त्यांना? नारळ घेताना तू कानाशी धरून हलवून बघतेस ना, आत पाणी वाजतंय का? करवंटीभोवती कितीही काथ्या गुंडाळ, हलवलं की आतलं पाणी हलणारच. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

आता तुमच्या नातवाचा देव. त्याच्या खोलीतला ८७ नंबरचा शर्ट तुम्ही व्हिडिओवर पाहिलाय, तो सिडनी क्रॉस्बीचा. २०११ च्या १ जानेवारीला पिट्सबर्गमध्ये उघड्या मैदानावरच्या मॅचमध्ये त्याच्या डोक्याला धडक बसली. त्या वेळी तो अख्ख्या एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, सगळ्यात पुढे होता, ४१ सामन्यांत गोल आणि गोलसाठीचे पास मिळून ६६ गुण. तो खेळत राहिला. ५ तारखेला, पुढच्याच मॅचमध्ये, पुन्हा भिंतीवर आदळला. त्यानंतर बर्फावर उतरायला २१ नोव्हेंबर उजाडला. आला त्याच रात्री दोन गोल आणि दोन पास, सगळं कॅनडा नाचलं. आठ मॅच झाल्या आणि लक्षणं परत आली, ती पार मार्चपर्यंत. पुढे त्याने २०१६ आणि २०१७ मध्ये स्टॅनले कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकला, म्हणून बंडूला ही गोष्ट सुखान्त वाटते. जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूसाठी टीम वर्षभर थांबते. चौथ्या फळीतल्या पोरासाठी कोण थांबणार? त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरते, आणि खालच्या लीगमधून बोलावलेला जो कुणी येतो तोही आपलं दुखणं लपवूनच येतो.

बोललं तर काय होतं तेही बघा. एरिक लिंड्रोस, फिलाडेल्फियाचा कॅप्टन, सहा फूट चार इंच. २००० साली त्याने उघडपणे म्हटलं की माझं कन्कशन टीमच्या लोकांनी ओळखलं नाही. त्याची कॅप्टनशिप काढून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात तो परत आला आणि दुसऱ्याच मॅचमध्ये स्कॉट स्टीव्हन्सच्या धडकेने आडवा झाला. पुढचा अख्खा सीझन तो खेळलाच नाही. त्याच्या धाकट्या भावाला तर विसाव्या वर्षीच डोक्याच्या दुखापतींमुळे खेळ सोडावा लागला होता. आणि तो स्टीव्हन्स? पुढे डोक्यावर पक बसला, त्याचीही कारकीर्द त्याच दुखण्यात संपली. मारणारा आणि खाणारा एकाच रांगेत.

आमच्या गावचीच एक गोष्ट आहे, ती मात्र बंडूला अजून पूर्ण सांगितलेली नाही. २००४ मध्ये कॅलगरीची टीम फायनलला गेली होती. लोक अजून त्या वर्षाबद्दल आपल्याकडे १९८३ बद्दल बोलतात तसं बोलतात. सेमीफायनलच्या पहिल्या मॅचमध्ये जादा वेळेत विजयी गोल मारला स्टीव्ह माँटाडोरने. मोठा तारा नव्हता, बचाव फळीतला कष्टाळू गडी. पुढे या टीममधून त्या टीममध्ये फिरत राहिला, डोक्याला हादरे बसत राहिले. खेळ सुटल्यावर विसरभोळेपणा आणि नैराश्य मागे लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो गेला, ३५ वर्षांचा. काही दिवसांनी त्याचा मुलगा जन्माला आला. मेंदू तपासला तर त्यात सीटीई नावाचा आजार सापडला. वारंवार हादरे बसून मेंदूत एक प्रथिन साचत जातं, हळूहळू स्वभाव बदलतो, आठवण जाते. माणूस जिवंत असताना त्याचं पक्कं निदान होत नाही. डेरेक बूगार्ड म्हणून एक होता, धिप्पाड, टीमसाठी मारामारी करणं हेच त्याचं काम. तो २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला, त्याच्याही मेंदूत तेच.

जुन्या खेळाडूंनी लीगवर खटला भरला. २०१८ मध्ये तडजोड झाली, ३१८ जणांसाठी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर. ऐकायला मोठं वाटतं, पण इथले बडे खेळाडू दोन-तीन वर्षांत तेवढे एकटे मिळवतात. लीगने चूक कबूल केली नाही ती नाहीच. आता नियम बदललेत हेही खरं. बाजूने येऊन डोक्याला लक्ष्य करण्यावर २०१० पासून बंदी आहे, संशयित खेळाडूला शांत खोलीत नेऊन तपासतात. पण ज्याला तपासायचं त्यालाच खेळायची घाई असेल तर डॉक्टर तरी काय करणार? शनिवारी बंडूला प्रशिक्षकांनी विचारलं होतं, ठीक आहेस ना? त्याने अंगठा वर केला होता.

बरं, आई, तुझे उपाय. दृष्ट काढली, खरंच काढली, स्मोक अलार्म वाजला. ब्राह्मीचं तेल लावलं, त्याने काही बिघडलं नाही. पण तू म्हणालीस तसं महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं नाही. तो आता जुना सल्ला झाला. पहिले एक-दोन दिवस शांतता, मग हळूहळू चालणं. आधी शाळा अर्धा दिवस, मग पूर्ण. मग सायकल, मग एकट्याने स्केटिंग, मग धडका नसलेला सराव, आणि डॉक्टरांनी सही दिल्यावरच मॅच. एका पायरीवर डोकं दुखलं की एक पायरी खाली. सापशिडीच म्हण. तो दोनदा खाली आला. आता तीन आठवडे झाले डोकं दुखलेलं नाही, आणि रिमोटसाठी भांडण्याइतका आवाज त्याला सहन होतोय.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या सीझनपासून बंडू धडका नसलेल्या गटात खेळेल. आमच्या इथे तसा वेगळा गट आहे. देशभर अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी २०१३ मध्येच धडका बंद झाल्या. त्याआधी इथल्याच कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी आमच्या अल्बर्टा प्रांताची मुलं आणि धडका नसलेल्या क्वेबेक प्रांताची मुलं अशी तुलना केली होती, तर अल्बर्टात कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. तेराव्या वर्षी मात्र दार उघडतं, आणि त्या दारातून जे आत जात नाहीत त्यांना एनएचएल टीव्हीवरच बघावी लागते. हे बंडूला ठाऊक आहे. तो माझ्याशी नऊ दिवस बोललेला नाही. डब्यातला पराठा खातो, पण डबा माझ्या हातात देत नाही, ओट्यावर ठेवून जातो.

बाबा, तुम्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून बसलात की नातू एनएचएलमध्ये जाणार. कुलकर्णीकाकांना मी काही सांगत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण रविवारी त्याच्याशी बोलाल तेव्हा "मैदानात कधी उतरणार?" एवढं विचारू नका. आणि "आई भित्री आहे, मी बोलतो तिच्याशी" असं तर मुळीच म्हणू नका. तुम्ही तसं म्हणणार होता, मला माहीत आहे.

आणि ती टाक्यांची गोष्ट. ती सांगूच नका असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. सांगा, पण पूर्ण सांगा. मी नववीत असताना आईने मला तिची बाजू सांगितली होती, तुम्ही घरी नव्हतात. नवीन लग्न. त्या संध्याकाळी तुम्ही मैदानावरून चालत घरी आलात. जेवलात, हात धुतलेत आणि आईला विचारलंत, "वाढतेस ना?" तिला वाटलं थट्टा करताय. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलंत. रात्री दोनदा उलटी झाली. आई रात्रभर उशाशी बसून होती, नवी सून, सासूबाईंना उठवायचं की नाही या विचारात. आणि तो शेवटच्या मिनिटातला गोल तुम्हाला स्वतःला आठवतच नाही, तो टीममधल्या लोकांनी नंतर सांगितला. पाहुण्यांसमोर हा भाग यायच्या आत ती चहा टाकायला का उठायची, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे आमच्याकडे सकाळचे नऊ. पुढच्या रविवारी फोन लावाल तेव्हा मी मुद्दाम भाजी आणायला जाईन, फोन तोच उचलेल. त्याला विचारा, सायकलने गेलेला माणूस चालत घरी कसा येतो. तो विचारेल, मग सायकल कुठे होती? ती दुसऱ्या दिवशी सकाळी आईने एकटीने मैदानावरून हातात धरून आणली होती. तुम्हाला ते आठवतं का हो?

तुमची,
ठकू