विखुरलेले मराठी पाठ पुन्हा लावण्यासाठी आणि तुटलेले दुवे सांधण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या ग्रामवाचनालयाच्या संगणक कक्षात लिब्रेऑफिस हे लेखन-हिशोबाचे सॉफ्टवेअर शिकायला मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक येतात. कुणाला महिला मंडळाचा हिशोब ठेवायचा असतो, कुणाला भजनी सप्ताहाची पत्रिका करायची असते, तर कुणाला जत्रेच्या नाटकाची जीर्ण झालेली वही टंकून घ्यायची असते. त्यांच्यासाठी स्वयंसेवकांनी वेळोवेळी लिहिलेले आणि भाषांतरित केलेले मराठी पाठ आमच्याकडे भरपूर आहेत. उणीव आहे ती त्यांच्या मांडणीत, आणि त्यासाठीच हे आवाहन आहे.

मागच्या जत्रेआधीचा प्रसंग सांगतो. गावच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करणारे एक काका रात्रीच्या उजेडात वाचता यावे म्हणून संहितेची अक्षरे मोठी करू पाहत होते. पाठात लिहिल्याप्रमाणे त्यांनी परिच्छेदाची शैली उघडली, फाँटचा आकार वाढवला आणि बदल जतन केला. पानांवरचे इंग्रजी आकडे मोठे झाले, मराठी संवाद मात्र होते तेवढेच राहिले. पाठाच्या त्याच ओळीपुढे ‘कारणासाठी येथे पाहा’ असा दुवा होता. तो दाबल्यावर ‘४०४, पान सापडले नाही’ एवढेच दिसले. काकांनी संगणक बंद केला आणि आपले प्रवेश पुन्हा हाताने, मोठ्या अक्षरांत उतरवून काढले. वास्तविक लिब्रेऑफिसमध्ये रोमन लिपीचा फाँट आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा फाँट यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात व दुसरी नोंद बदलली की काम होते, हे सांगणारा पाठ आमच्याच संग्रहात होता. तो ‘भाषाविषयक पर्याय’ या शीर्षकाखाली पडून होता, आणि ज्याची अक्षरे मोठी होत नाहीत तो माणूस तिथे शोधायला जाणार नाही.

हा गोंधळ कुणा एकाच्या चुकीने झालेला नाही. २०१० साली ओपनऑफिस या आधीच्या सॉफ्टवेअरपासून लिब्रेऑफिस वेगळे झाले, तरी त्याआधीचे काही पाठ अजून जुन्याच मेनूंची नावे सांगतात. २०२४ पासून आवृत्त्यांचे क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून दिले जाऊ लागले, त्यामुळे ७.६ नंतर एकदम २४.२ पाहून शिकणारा आपण भलतेच काही उतरवून घेतले की काय म्हणून बिचकतो. वर्षातून दोनदा नवी मोठी आवृत्ती येते, पाठ मात्र लिहिल्या दिवशी होते तसेच राहतात.

मार्गदर्शक लेखनाच्या मांडणीसाठी डॅनिएले प्रोचिदा यांनी सुचवलेल्या ‘डायाटॅक्सिस’ पद्धतीप्रमाणे आम्ही संग्रहाची चार भागांत विभागणी करणार आहोत: नवख्याला हात धरून नेणारे पाठ, एखादे ठरावीक काम उरकण्याच्या कृती, संदर्भासाठी मेनू व पर्यायांची माहिती, आणि ‘असे का होते’ याचे स्पष्टीकरण. आज हे चारही एकाच पानात मिसळलेले आहेत. पत्र लिहायला बसलेल्या माणसाला तिसऱ्याच पायरीवर युनिकोडचा, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीचा, इतिहास वाचावा लागतो, हे आम्हाला मुळीच योग्य वाटत नाही.

दुव्यांचे काम अधिक चिकाटीचे आहे. मोडके दुवे शोधून देणारी साधने आहेत, पण उघडणारा दुवा योग्य पानावर नेतो की नाही, हे माणसानेच वाचून ठरवावे लागते. ‘येथे पाहा’ या शब्दांच्या जागी पुढे काय मिळेल ते लिहायचे आहे. पान हलवावे लागलेच, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचे पुनर्निर्देशन ठेवायचे आहे. वाचनालयात पुस्तकाचे कपाट बदलले की आपण नोंदवहीत नवी जागा लिहितो, कारण जुन्या जागी येणारा वाचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये. संकेतस्थळावर ही काळजी आजवर आमच्याकडून घेतली गेली नाही.

यासाठी आम्हाला प्रथम माणसे हवी आहेत. ज्यांचे मराठी स्वच्छ आहे आणि जे आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतात, अशा शिक्षकांनी, निवृत्तांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यावे. प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. त्याहूनही अधिक गरज आहे ती ज्यांनी लिब्रेऑफिस कधी उघडलेलेच नाही अशांची, कारण पाठ कुठे अडतो हे जाणकाराच्या लक्षात येत नाही. असा माणूस पाठ वाचत काम करील आणि शेजारी बसलेला स्वयंसेवक, मध्ये न बोलता, तो कुठे थांबला ते लिहून घेईल.

सॉफ्टवेअर विनामूल्य असले, तरी नव्या आवृत्तीवर पाठ पडताळण्यासाठी चालू स्थितीतला एखादा वापरलेला लॅपटॉप आणि घरी इंटरनेट नसलेल्यांसाठी पाठांच्या छापील प्रती काढण्याचा खर्च, एवढ्यासाठी देणगीची विनंती आहे. देणगी वाचनालयाच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती अवश्य मागून घ्यावी. सुधारलेले पाठ कुणालाही उतरवून घेता, बदलता आणि वाटता येतील अशा मुक्त परवान्याखालीच ठेवले जातील.

पहिली बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या संगणक कक्षात होईल. येताना आपले अडून राहिलेले एखादे काम, मग तो हिशोब असो, पत्रिका असो वा नाटकाची वही, सोबत आणावे. पाठांची पडताळणी त्याच कामांवर सुरू करायची आहे.

आपली नम्र,
कार्यकारी समिती, ग्रामवाचनालय