वस्तू हरवली की माना मागे का वळतात?

महोदय,

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर हजारो नवे शिक्षक रुजू झाले. मी त्यांतलीच एक. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, नेमणूक मिळाली ती सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेजवळच्या एका गावात. शाळा पहिली ते चौथी. गावाबाहेर गायरानाच्या कडेला फासेपारध्यांची, म्हणजे पूर्वी फासे लावून शिकार करणाऱ्या पारधी जमातीची, वस्ती आहे आणि तिथली काही मुलं आमच्याकडे शिकतात. त्या मुलांशी शाळा कशी वागते, याबद्दल हे पत्र आहे. डी.एल.एड.च्या (शिक्षक पदविकेच्या) वर्गात आणि रुजू झाल्यानंतरच्या प्रशिक्षणात मला अध्ययन निष्पत्ती शिकवल्या, शैक्षणिक साहित्य करायला शिकवलं, ऑनलाइन माहिती भरायला शिकवलं. याबद्दल मात्र कुणी एक शब्द काढला नाही.

रुजू झाल्यावर मला जो पहिला सल्ला मिळाला तो असा: ‘मॅडम, पर्स टेबलावर ठेवत जाऊ नका, चौथीत वस्तीवरची पोरं आहेत.’ सल्ला देणारे सर वाईट मनाचे नाहीत. याच मुलांना ते स्वतःच्या पैशाने वह्या आणून देतात. मुलं ताप घेऊन आली तर आपल्या मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जातात. म्हणूनच मला हे जास्त लागलं. माया आणि संशय एकाच माणसात इतके शेजारी राहू शकतात, याची मला कल्पना नव्हती.

एकदा वर्गातल्या एका मुलाचा कंपास सापडेना. मी अजून काही बोललेही नव्हते. त्याने उभं राहून नुसतं ‘बाई, माझा कंपास’ एवढंच म्हटलं, आणि सगळ्या वर्गाच्या माना मागे वळल्या. मागे वस्तीवरची एक मुलगी बसली होती. ती उठली, आपलं दप्तर घेऊन पुढे आली आणि माझ्या पायाशी फरशीवर तिने ते उलटं केलं. शाळेतून मिळालेली पुस्तकं, एक वही, पेन्सिलीचा तुकडा आणि कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली अर्धी भाकरी. दप्तर रिकामं करून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना रडू. रोजचं एखादं काम उरकावं तसं तिने ते केलं होतं. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कधीतरी इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की आता सांगावं लागत नव्हतं.

तो कंपास पुढे सापडला की नाही, कुठे सापडला, हे मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ज्यांना मी हा प्रसंग सांगितला त्या प्रत्येकाने आधी तेच विचारलं. गावातल्या एखाद्या बागायतदाराच्या मुलीबद्दल सांगितलं असतं, तर विचारलं असतं का? मग या मुलीच्या वेदनेची दखल घ्यायला ती निर्दोष ठरण्याची अट कशासाठी?

दुसरी गोष्ट कौतुकाची आहे, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. ही मुलगी लगोरी फार सुंदर खेळते. तिला आपल्या गटात घेण्यासाठी मुलांची भांडणं होतात. तिचा चेंडू लगोरीवर बसला की सगळे ओरडतात, आणि त्या वेळी वर्गातला मागचा-पुढचा बाक कुणाच्या लक्षात राहत नाही. पण एकदा कडेला उभे असलेले एक पालक म्हणाले, ‘नेम बसणारच, पारध्याची पोर आहे.’ सगळे हसले. तीही हसली. त्यांनी कौतुकच केलं होतं, यात मला शंका नाही. पण तिने सुट्टीभर, शाळा सुटल्यावर, एकटीने दगड मांडून जो सराव केला तो माझ्या डोळ्यांसमोर झाला आहे. तो सगळा त्या एका वाक्यात पुसला गेला. कंपास हरवला तर ते रक्तात आहे, नेम बसला तर तेही रक्तात आहे. मग त्या मुलीचं स्वतःचं असं काय उरलं?

माणसाचं वागणं त्याच्या वंशावरून ठरवायचं, ही समजूत आपल्याकडे एके काळी कायदा होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या माणसांनी पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती, शहरातला तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही या कायद्यात होती. करवीर (कोल्हापूर) संस्थानात शाहू महाराजांनी हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना विश्वासाने आपल्या चाकरीत घेतलं, ही त्या काळातली दुसरी बाजू. संपूर्ण देशातून हा कायदा जायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं. आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्याचा जाच पुन्हा याच लोकांना सर्वांत जास्त झाला.

हा इतिहास मी नेमणूक झाल्यावर स्वतः शोधून वाचला. तो वाचल्यावर वस्तीवरच्या आईबापांचं वागणं मला उमगू लागलं. आमच्या शाळांच्या केंद्रातून सुचवलं गेलं होतं की ही मुलं सारखी गैरहजर असतात, तर त्यांना निवासी आश्रमशाळेत घाला, सगळेच प्रश्न मिटतील. मी वस्तीवर विचारायला गेले तर एका आजीने नातीला जवळ ओढलं आणि ‘लेकरू न्यायचं नाही’ एवढंच म्हणाली. त्यावर गावात निष्कर्ष निघाला की यांना शिकायचंच नाही.

गैरहजेरीचं कारण मी सांगते. आसपास कुठे चोरी झाली की पहाटे पोलिसांची गाडी वस्तीवर येते. पुरुष रानात पळतात. कुणाला तरी उचलून नेतात. बायका मुलांना घेऊन दुसऱ्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे जातात. आठ-पंधरा दिवस हजेरीपटावर त्या मुलांच्या नावांपुढे रेघ लागते. परत आल्यावर वर्गात गुणाकार पुढे गेलेला असतो, आणि मग ती मुलं ‘मागे पडलेली’ म्हणून मागे बसतात. घरची बोली गुजरातीच्या जवळची, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि त्यात ही तुटातूट. अमुक मूल किती दिवस आलं नाही हे मला ऑनलाइन भरावं लागतं, पण का आलं नाही हे लिहायला तिथे जागाच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी निकाल दिला. त्यात विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मोकळ्या झालेल्या जमातींच्या, माणसांना जन्माने गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर न्यायालय स्पष्ट बोललं आणि त्यांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये असेही निर्देश दिले. तुरुंगाबद्दल इतकं स्पष्ट बोललं जातं, मग शाळेबद्दल का नाही? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यातलं १७ वं कलम शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवतं. वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी तोच कायदा शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतो. फक्त एकाच मुलीचं दप्तर उलटं होणं हा मानसिक छळ नाही, असं कुणी म्हणणार असेल तर मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

जातीच्या रकान्याबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे चांगल्या हेतूने गोंधळ होतो. शिष्यवृत्तीची माहिती भरायची असली की अनेक शाळांत वर्गातच पुकारा होतो, ‘एस.टी.चे कोण ते हात वर करा.’ बरेच वर्षं गणवेश योजनेत सगळ्या मुली आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालचे, अशी वाटणी होती. नवा गणवेश कुणाला मिळाला यावरूनच वर्गाला जाती कळायच्या. २०२३-२४ पासून तो सगळ्यांना मिळू लागला, हे फार चांगलं झालं. काही तरुण सहकारी म्हणतात, जनरल रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढून टाका. मला ते पटत नाही. पारधी अनुसूचित जमातीत मोडतात, आणि त्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. भटकणाऱ्या, बिनजमिनीच्या घरात तो कुठून येणार? घरातलं पहिलं मूल शाळेत जातं तेव्हा त्या रजिस्टरमधली ओळ हाच त्या घराचा पहिला लेखी पुरावा असतो. ती ओळ काळजीपूर्वक, अचूक लिहिली पाहिजे. ‘पारधी’ की ‘फासे पारधी’ हे आईबापांना विचारून लिहिलं पाहिजे. पण ती पालकांसमोर लिहायची, वर्गासमोर वाचायची नाही. इतका साधा फरक आहे.

मी माझ्या वर्गात काय करते ते सांगते. दप्तर तपासणी कुणाचीही करत नाही, अजिबात नाही. टेबलावर एका डब्यात जादा पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या ठेवल्या आहेत. ज्याचं हरवलं त्याने घ्यावं, न विचारता. कोपऱ्यात दुसरा डबा सापडलेल्या वस्तूंचा आहे, त्यात कोण काय टाकतं हे बघायचं नाही असं ठरलं आहे. बसायच्या जागा दर सोमवारी बदलतात. पोषण आहाराची रांगही वर्गातल्या बसण्याच्या क्रमानेच लागते, त्यामुळे वस्तीवरची मुलं शेवटी उभी राहायची ते थांबलं. एक वडील तक्रार घेऊन आले, ‘बाई, आमच्या पोराला त्यांच्याशेजारी बसवू नका.’ मी त्यांना सांगितलं की जागा सोमवारी बदलेल, आणि तुमचा मुलगा या आठवड्यात तिच्याकडून नेम धरायला शिकतोय. ते खूश झाले नाहीत. पण मुलगा तिथेच बसला.

हे एकट्या शिक्षिकेच्या वर्गात होतं ते वर्ष संपलं की संपतं. तीन वर्षांचा शिक्षणसेवक कालावधी (नव्या शिक्षकाने मानधनावर काम करायचा काळ), दरमहा १६ हजार मानधन, आणि भोवती सगळे वडीलधारे सहकारी. अशा वेळी नवीन माणसाला ‘सर, हे बरोबर नाही’ म्हणायला पाठीमागे काहीतरी लेखी लागतं. म्हणून माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की, एका मुलाचं नाव घेऊन दप्तर तपासायचं नाही आणि वर्गात जात पुकारायची नाही, असं स्पष्ट परिपत्रक काढावं आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवायला लावावं. नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात निदान एक दिवस विमुक्त जमातींच्या इतिहासासाठी असावा आणि तो घ्यायला त्याच समाजातून शिकून पुढे आलेल्या शिक्षकांना बोलवावं. वस्तीवर धाड पडली की त्या आठवड्यात शाळेने स्वतः वस्तीवर जाऊन मुलांना परत आणावं, आणि तेवढ्या दिवसांचा अभ्यास भरून काढण्याचा वेळ आमच्या कामात धरावा.

बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून शाळाशाळांतून साजरा करतो. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन मात्र आमच्या शाळेच्या दिनविशेषाच्या फळ्यावर नसतो. यंदा त्या दिवसाच्या निमित्ताने परिपाठात मला या कायद्याची आणि तो रद्द झाल्याची गोष्ट सांगायची आहे. अडचण एकच आहे. ‘जन्माने गुन्हेगार’ हे शब्द मी उच्चारले की पुन्हा सगळ्या माना तिच्याकडे वळतील, याची मला धास्ती आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा इतिहास अशा रीतीने कसा सांगायचा की अन्याय करणाऱ्या कायद्याकडे बोट जाईल आणि वर्गात बसलेल्या मुलांकडे जाणार नाही? ज्या शिक्षकांनी हे केलं असेल त्यांनी, आणि पारधी समाजातले जे वाचक अशा वर्गांत बसून मोठे झाले असतील त्यांनी, आपल्या या सदरात कृपया लिहावं. ऑगस्टच्या आधी लिहिलंत तर मला त्याचा उपयोग होईल.

– एक शिक्षणसेविका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि गावाचं नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)