काका, आजीची ओवी आता ओठांशी जुळली

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परवा रात्री सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. व्हिडिओ कॅसेटवरचं 1991 सालचं आत्याचं लग्न. हळद दळायला जमलेल्या बायका आणि जात्याचा खुंटा धरून ओवी म्हणणारी आमची आजी. आत्याला बराच वेळ बोलताच येईना. आजीचा हलता-बोलता चेहरा आमच्याकडे एवढाच आहे. पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण जुन्या कॅसेटी घेऊन कोल्हापुरात अजून कुणी वणवण करत असेल तर त्याच्याही उपयोगी पडावं.

2019 च्या पुरात कॅसेट माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओलीनं रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. एका ठिकाणी तशीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्राचा वरचा भाग नेमका डोक्यांपाशी वाकलेला, आणि आवाज ओठांच्या मागं मागं पडत गेलेला. ‘कॅसेटच गेलीय’ असं ऐकून मी घरी आलो.

राजारामपुरीत तुमच्या माडीवर ती एका जुन्या व्हीसीआरवर लावून तुम्ही दोन मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, “कॅसेट धड हाय. टायमिंग गेलंय.” आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका फ्रेमला 625 ओळी, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकेक ओळ 64 मायक्रोसेकंदांत यायला हवी. टेप ताणली, व्हीसीआरमधला टेप वाचणारा फिरता ड्रम जरा डगमगला, की ओळी लवकर-उशिरा येतात. “लेझीमवाल्याचा पाय हलगीवर पडला न्हाई तर रांग वाकडीच दिसणार.” जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणारं कॅप्चर कार्ड मात्र फ्रेमच सोडून देतं. चित्राच्या फ्रेम गळत गेल्या म्हणून आवाज मागं पडला, हे मला तेव्हा उमगलं.

त्याच दिवशी मी एक जुना टाइम बेस करेक्टर (टीबीसी), म्हणजे हे टायमिंग सुधारणारं यंत्र, ऑनलाइन ठरवून आलो होतो. 38 हजार, ॲडव्हान्स पाठवायचाच बाकी. तुम्ही मोबाइलवर मागच्या पट्टीचा फोटो मोठा करून दाखवलात: 110 व्होल्ट, फक्त एनटीएससी. म्हणजे अमेरिकेकडच्या पद्धतीचं, 525 ओळींचं यंत्र, आपल्या कॅसेटला निरुपयोगी. वर तुम्ही बजावलंत, की जुनं यंत्र घ्यायचं तर दोन तास चालू ठेवून, तापल्यावर बघायचं. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असले तर थंड असताना चित्र झकास दिसलं तरी नंतर गोठू शकतं. आणि फ्रेम धरून ठेवणारं प्रत्येक यंत्र ओळींचा वाकडेपणा काढेलच असं नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. हे कुणीच मला सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा तुमचा जुना डिजिटल मिक्सर कपाटावरून उतरवलात. मऊ कापडानं धूळ पुसताना तुमचा हात किती हळू चालत होता! फुगलेले चार कपॅसिटर काढून नवे डाग देऊन बसवलेत. बुरशीची कॅसेट साफ होईपर्यंत चांगल्या व्हीसीआरला शिवू दिली नाहीत. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढं-मागं फिरवलीत, हेड पुसलेत. ओळी सरळ करणारा टीबीसी तुमच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्येच होता, तिथून चित्र एस-व्हिडिओच्या वायरनं मिक्सरमध्ये, आणि फ्रेम धरून ठेवून वेळेवर सोडणाऱ्या मिक्सरच्या फ्रेम सिंक्रोनायझरमधून कॉम्प्युटरकडे. तीन तास कॅप्चर चाललं, गळालेल्या फ्रेम शून्य.

जिथं टेप खरवडलीय तिथले पांढरे ओरखडे राहिले. ते जाणार नाहीत, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत, म्हणून मन खट्टू झालं नाही. आजीच्या नथीतला मोती दिसतो. ओवीच्या शेवटी ती श्वास घेते, तोही ओठांबरोबर ऐकू येतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आत्या म्हणते, रविवारी ती स्वतः येणार आहे तुम्हाला भेटायला. तुमची एस-व्हिडिओची वायर माझ्याकडेच राहिलीय, तीही तेव्हा घेऊन येतो.

तुमचा,
पुरातल्या कॅसेटवाला