वजनकाटा माळ्यावर टाकलाय

सुमे,

तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही, घाल शिव्या, हक्कच आहे तुझा. मी बरी आहे, गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू.

काल एक झालं, आणि ते तुलाच सांगता येईल. गार्गी जूनपासून बॅडमिंटनला जाते ना, आठवड्यातून पाच दिवस, दीड दीड तास, सर पार पिळून काढतात. हौस तिचीच, पण माझ्या डोक्यात वजन होतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तीन महिन्यांत 61चं 62 झालं! क्लासहून आली की काही नको म्हणते, ताट सरकवते, मी आपली मनात खूश, आणि साडेनऊला फ्रीजचं दार वाजतं, दोन शेंगदाण्याचे लाडू, वर दूधपोहे.

डॉक्टरीणबाई माझ्यावरच हसल्या. म्हणे जोरात व्यायाम झाला की घ्रेलिन, म्हणजे भुकेचं हार्मोन, थोडा वेळ दबतं, मग भूक येतेच. वर क्लास केला म्हणून उरलेला दिवस सोफ्यावर, तेही धर. शिवाय चौदाव्या वर्षी उंची, हाडं, स्नायू सगळंच वाढतंय, काटा खाली कसा येईल? कॅनडात 14 ते 18 वयाची 304 लठ्ठ मुलंमुली घेतली, त्यातल्या बहुतेकांना 22 आठवडे व्यायाम करायला लावला, सोबत आहाराचा सल्लाही होता, तरी व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण उतरलं ते टक्का-दीड टक्काच. झोप, दम, मूड बघा म्हणाल्या, काटा नको. मी मान डोलावली, अगदी शहाण्यासारखी.

आणि काल रात्री तिने चौथी पोळी घेतली तर माझ्या तोंडून गेलं, "मग एवढं खेळून उपयोग काय?"

सुमे, शब्द न् शब्द आपल्या पीटीच्या बाईंचा! पोरीने पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं, आवाज न करता.

तूच दिसलीस गं. ग्राउंडमागे डबा कुत्र्याला घालणारी. (तुझी बटाट्याची भाजी मी खाल्ली हा आरोप अजून करतेस, एकदाच खाल्ली, कुत्र्याला जाण्यापेक्षा बरी.) 26 जानेवारीला परेडमध्ये पडलीस तेव्हा सगळे म्हणाले ऊन लागलं. सकाळी आठला, जानेवारीत, कसलं ऊन! मला माहीत होतं चार दिवस तू काही खाल्लं नव्हतंस. मी गप्प बसले. तू नंतर कधी विचारलं नाहीस, मीही काढलं नाही.

काटा माळ्यावर टाकलाय, ह्यांना सांगितलं बिघडला. आज पोरीला डब्यात चार पोळ्या दिल्या होत्या, तीन परत आल्या.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं? अमेयला पास झाल्याबद्दल शाबासकी सांग.

रविवारी गार्गीला फोन करशील? खाण्याचा विषय नको काढूस. परेडचं सांग, आणि मी गप्प बसले होते तेही सांग.

तुझी,
वैशू