सर्व्हर डाउन म्हणून हात वर करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलेलं की सीझन आला की कोकणातल्या बुकिंगच्या साइट झोपतात, होमस्टे म्हणू नका आंबा म्हणू नका, पैसे कापले जातात आणि पुढे नुसतं चक्र फिरत राहतं. अगदी खरंय. फक्त त्यांनी सगळा दोष नेटवर्कला दिला, त्यातला थोडा आम्हा साइट बनवणाऱ्यांना पण द्या, म्हणून हे पत्र.

मी देवगडचा, कॉम्प्युटरचं काम करतो. आमच्या भावकीतल्या चार बागायतदारांची हापूसच्या पेट्यांची साइट मीच केलीय. पहिल्या वर्षी ऑर्डर आली की साइट तिथल्या तिथे पेमेंट बघणार, मग स्टॉक, मग एसेमेस, मग कुरियर, आणि यातला एक जरी अडला (कुरियर तर रोज अडायचा) की गिऱ्हाईक तिकडे मुंबईत चक्र बघत बसायचं आणि कंटाळून परत बटण दाबायचं. पैसे दोनदा.

उत्तर आमच्या शेडमध्येच होतं खरं तर. बागेतून क्रेट आणणारा गडी काय आंबे निवडणाऱ्या बायकांची वाट बघत उभा राहत नाही, क्रेट रांगेला लावतो आणि पुढच्या खेपेला जातो, बायका आधी आलेला आधी असा एकेक ओढतात. मेसेज क्यू म्हणजे हेच, प्रोग्राम एकमेकांसाठी ठेवतात त्या कामाच्या चिठ्ठ्यांची रांग, आणि त्यातली एकेक चिठ्ठी म्हणजे मेसेज. मी रॅबिटएमक्यू हे अशी रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं, २००७ पासून आहे आणि फुकट आहे, त्यामुळे बजेट नव्हतं हे कोणी सांगू नये. साइटने ऑर्डर क्यूत टाकायची, गिऱ्हाइकाला लगेच नंबर द्यायचा, बाकीच्या सर्व्हिस, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, मागून सावकाश उचलतील.

जोडताना मात्र घाम निघाला. दोन दिवस कनेक्शनच लागेना. प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामची स्वतंत्र खोलीच म्हणा) आणि पत्ता मी दिलेला लोकलहोस्ट, त्याचा अर्थ 'हेच मशीन', म्हणजे जो तो आपल्याच घरात क्यू शोधतोय! तो सुधारला तर गेस्ट नावाचं तयार खातं बाहेरून आत घेईना, ते त्याच मशीनवरून चालतं, वेगळा युजर करावा लागला. मग एसेमेसचे तीन वर्कर, म्हणजे रांगेतून काम उचलणारे प्रोग्राम, लावले तर पहिल्यानेच सगळे मेसेज ओढून घेतले आणि बाकी दोघे माश्या मारत बसले, एका वेळी किती घ्यायचे ती मर्यादा आपणच घालायची असते.

सगळ्यात महाग पडली पोचपावती. मेसेज उचलल्या उचलल्या क्यूला 'मिळालं' कळवायचं नाही, काम संपल्यावर कळवायचं. मी आधीच कळवत होतो. एका संध्याकाळी लाईट गेली, शेडमधला इन्व्हर्टर पण बसला, आणि हातातल्या ऑर्डरी गेल्या. रांगेतल्यापण गेल्या, कारण क्यू ड्युरेबल केलेला (बंद पडून चालू झालं तरी रांग राहते) पण मेसेज पर्सिस्टंट करायचे, म्हणजे डिस्कवर लिहून ठेवायचे, राहिलेले, दोन्ही लागतं.

हे सुधारलं तर उलटंच. काम झालं पण पावती जायच्या आत लाईन तुटली तर क्यू तोच मेसेज परत देतो. काकांचा फोन, "रे, ही पेटी कालच धाडलंय मां!" तोवर पुण्याच्या एकाला दोन पेट्या गेलेल्या. (त्यांनी दुसरीचे पैसे आपणहून पाठवले, अशीही माणसं आहेत.) आता वर्कर आधी ऑर्डरचा नंबर बघतो, झालेला असेल तर सोडून देतो.

क्यू लावला म्हणून आंबे वाढत नाहीत हे मान्य, संपले तर संपले म्हणून सांगायचं आणि पैसे परत करायचे. पण पैसे घेतल्याबरोबर नंबर देणं तरी जमायला हवं. मागच्याच महिन्यात एका होमस्टेच्या साइटवर माझे पैसे गेले, नंबर नाही, मेसेज नाही, फोन केला तर म्हणे सर्व्हर डाउन आहे, उद्या बघा. उद्या जाऊन दाखवू काय, बँकेचा एसेमेस?

– एक वाचक, देवगड